खाणीच्या गावातलं दूध

(गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या दूध उत्पादकांपुढे केलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. संध्याकाळची धार काढून, सोसायटीत दूध घालून तुम्ही थेट इथे आलात, तेव्हा प्रस्तावना लांबवत नाही.

बोलावणं आलं तेव्हाच तुमचा प्रश्न कळला होता. पावसात लोहखनिजाच्या खाणींच्या डंपांवरचं, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगांवरचं, लाल पाणी शेतात आणि ओहोळात उतरतं. गुरं तेच पाणी पितात, तिथलंच गवत खातात. मग ते लोखंड दुधात येतं का? थेट सांगतो, येत नाही. गायीच्या पोटात गेलेलं लोह दुधात जवळजवळ उतरतच नाही. पण म्हणून निर्धास्त राहू नका. ही लाल माती दुसऱ्या वाटेने नुकसान करते, आणि आज मला त्या वाटेबद्दलच बोलायचंय.

आधी दुधात काय असतं ते बघू. सोसायटीत तुमचं फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, मोजतात. गायीच्या दुधात एसएनएफ किमान ८.३ टक्के हवा, त्यातला साधारण ०.७ टक्का म्हणजे खनिजं. एका लिटरमागे कॅल्शियम सुमारे १.२ ग्रॅम, फॉस्फरस एका ग्रॅमच्या जरा आत, पोटॅशियम दीड ग्रॅमच्या आसपास. जस्त चार मिलिग्रॅम. आणि लोह? अर्धा मिलिग्रॅमही नाही. दुधाला आपण पूर्णान्न म्हणतो, पण लोहाच्या बाबतीत ते अगदी कंगाल आहे. म्हणूनच वर्षाच्या आतल्या बाळाला मुख्य आहार म्हणून गायीचं दूध देऊ नका असं डॉक्टर सांगतात. बाळ गुटगुटीत दिसतं आणि आतून पंडुरोग झालेला असतो.

कॅल्शियमचा हिशेब मला नेहमी थक्क करतो. गायीच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी तीन-चार ग्रॅमच कॅल्शियम फिरत असतं. व्याल्यावर तिने दहा लिटर चीक दिला, तर त्यातून वीसेक ग्रॅम कॅल्शियम बाहेर जातं. हे आणायचं कुठून? हाडांतून आणि आतड्यांतून. ती यंत्रणा वेळेवर सुरू झाली नाही की गाय बसते, मान एका कुशीकडे वळवते, कान थंडगार पडतात. यालाच आपण दुग्धज्वर म्हणतो, पण अंगात ताप अजिबात नसतो. शिरेतून कॅल्शियम दिलं की तासाभरात उठून उभी राहिलेली गाय तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. हाडांतून कॅल्शियम निघतं ही गोष्ट लक्षात ठेवा, शिशाकडे आलो की ती पुन्हा लागेल.

आता कासेकडे वळू. एक लिटर दूध तयार व्हायला चार-पाचशे लिटर रक्त कासेतून फिरावं लागतं. एवढ्या रक्तातून काय आत घ्यायचं हे कास ठरवते. आपल्या गावाच्या वेशीवर राखणदार असतो, तसाच कासेलाही आहे. गायीला लोह दुप्पट चारलं तरी दुधातलं लोह वाढत नाही. तांबं आणि जस्तही फारसं हलत नाही. कॅडमियम तर यकृत आणि मूत्रपिंडात अडकून पडतं, दुधापर्यंत फार थोडं पोचतं. आयोडिन आणि सेलेनियम मात्र या राखणदाराला जुमानत नाहीत. खाद्यात कमी पडले की दुधातही कमी, आणि धारेनंतर सडांना लावायच्या औषधात आयोडिन असेल तर दुधात ते वाढतंही.

मग खाणपट्ट्यातल्या दुधाच्या अहवालात कधी कधी लोह भरपूर दिसतं ते कुठून येतं? धुळीतून. साधं गणित करा. लिटरभर दुधात लोह अर्ध्या मिलिग्रॅमच्याही आत. खनिजाच्या धुळीत निम्म्याहून जास्त लोहच असतं. म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम धूळ, डोळ्यांना दिसणारही नाही इतकी, शेपटीच्या एका फटक्याने बादलीत पडली तरी आकडा दुप्पट होतो. ट्रक जाणाऱ्या रस्त्याला लागून गोठा असेल तर हे रोजच होणार. धार काढण्याआधी कास ओल्या फडक्याने पुसा, बादली झाका. आणि तपासणीला नमुना द्यायचा झाला तर घरची धुतलेली बाटली चालत नाही, प्रयोगशाळेने दिलेलीच घ्या.

आता मुख्य मुद्दा. दूध स्वच्छ राहिलं, पण गायीचं काय? पोटात जास्त लोह गेलं की ते तांब्याला शोषू देत नाही. तांबं कमी पडलं की काळ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायीचे केस तांबूस आणि राठ होतात, डोळ्यांभोवतीचा रंग उडून चष्मा घातल्यासारखी दिसते. माजावर नीट येत नाही, आली तर गाभ न राहता उलटते. तुम्ही भरवणाऱ्याला दोष देता. दुधाचा अहवाल कितीही चांगला आला तरी यातलं काही त्यात दिसणार नाही.

दुसरी उणीव फॉस्फरसची. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी. तिच्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम फॉस्फरसला घट्ट धरून ठेवतं, गवताला मिळूच देत नाही. त्यात आपण वर्षातले कितीतरी महिने भाताच्या पेंढ्यावर काढतो, त्यातही फॉस्फरस नावालाच. आंबोणात कोंडा आणि खोबऱ्याची पेंड घालणाऱ्यांची गुरं यातून बरीच वाचतात. बाकीच्यांच्या गुरांना मग माती चाटायची, हाडं चघळायची, दोरी-चप्पल-प्लास्टिक खायची सवय लागते. आपण म्हणतो, खोडच तशी. ती खोड नव्हे, भूक आहे. पशुवैद्य तिला पायका म्हणतात.

आणि अशी गाय बांधावर सोडली की तिला काय सापडतं? भंगारात टाकलेली ट्रकची बॅटरी. खाणी २०१२ साली थांबल्या, मग सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. या येण्या-जाण्यात किती गॅरेजं आणि किती उभे ट्रक मागे राहिले ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. फुटलेल्या बॅटरीतल्या शिशाच्या क्षारांना गोडसर, खारट चव असते, गुरं ती आवडीने चाटतात. गोठ्याच्या दाराला कधीकाळी लावलेला जुना ऑइलपेंटही तसाच. आता घरगुती रंगात शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग आहे, पण ती २०१७च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीचं दार तसंच उभं आहे आणि वासरू ते चाटतंय.

शिसं शरीराला कॅल्शियमसारखं वाटतं, म्हणून ते हाडांत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं राहतं. मघाशी म्हटलं तसं गाय व्याली की हाडं मोकळी व्हायला लागतात, तेव्हा त्यांच्यातलं शिसंही रक्तात येतं. रक्तात शिसं थोडं असेपर्यंत राखणदार बऱ्यापैकी अडवतो. ते एका पातळीपलीकडे गेलं की दुधातलं शिसं झपाट्याने वाढतं. कायद्याने दुधात शिशाची मर्यादा किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम आहे. ती इतकी कडक असण्याचं कारण म्हणजे दूध मुलं पितात, आणि शिसं मुलांच्या मेंदूवर घाला घालतं.

लक्षणं सांगतो. जनावर आंधळं झाल्यासारखं भिंतीवर आदळतं, डोकं खांबाला टेकवून उभं राहतं, दात करकर खातं, लाळ गाळतं, झटके येतात. लोक म्हणतात, पिसाळलं. पिसाळलेलंही असू शकतं, तेव्हा तोंडात हात अजिबात घालू नका, आधी डॉक्टरला बोलवा. पण जनावर कुठे चरत होतं, तिथे बॅटरी किंवा जळकी वायर होती का, हे डॉक्टरला सांगायला विसरू नका. बहुतेकदा हीच माहिती दिली जात नाही.

भांड्यांबद्दल थोडं बोलतो. दुधातलं केसिन हे प्रथिन तांब्याला पकडून ठेवतं. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात दूध तापवून तसंच ठेवलं तर भांड्यातलं तांबं त्यात उतरतं. लहान मुलांचं यकृत कडक होऊन मुलं दगावायची, असा एक आजार आपल्या देशात होता. १९८०च्या दशकात पुण्यातल्या डॉक्टरांनी त्याचा संबंध अशा भांड्यातून बाळांना दिल्या जाणाऱ्या दुधाशी जोडला. स्टीलची भांडी आली आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. आजीचं पितळी पातेलं शोभेला ठेवा, हवं तर चांगली कल्हई करून वापरा, पण कल्हईच्या कथलात स्वस्तातलं शिसं मिसळलेलं नाही ना, हे विचारा. दूध उकळून धातू जात नाहीत. पाणी उडतं, धातू तिथेच राहतात. लिटरचा खवा केलात तर पाच भागांतलं सगळं एका भागात येतं.

करायचं काय? मोठ्या गायीला रोज साधारण ५० ग्रॅम खनिज मिश्रण आंबोणातून द्या. पिशवीवर आयएसआयचा शिक्का बघा, कारण हलक्या मालातल्या फॉस्फेटबरोबर कॅडमियम येऊ शकतं. आपल्या भागातल्या गायींना लोह मातीतूनच मिळतं. त्यामुळे मिश्रण घेताना लोहाचा आकडा बघून खूश होऊ नका, तांबं, जस्त आणि फॉस्फरस बघा. ओहोळाच्या लाल पाण्याऐवजी विहिरीचं पाणी पाजता आलं तर उत्तम.

मागे बसलेल्या एका काकांनी चिठ्ठी पाठवली आहे: बॅटरी चाटलेली गाय औषधाने बरी झाली, तर दूध सोसायटीला कधीपासून घालायचं? काका, गाय चरायला लागली म्हणजे दूध चांगलं झालं असं समजू नका. हाडांतलं शिसं महिनोन्महिने निघत राहतं. डॉक्टरकडून रक्ताची तपासणी करून घ्या, थोड्या दिवसांनी पुन्हा करा, आणि पातळी खाली आल्याचं ते सांगेपर्यंत दूध सोसायटीला घालू नका, घरी पिऊ नका, वासरालाही पाजू नका. त्याच गोठ्यातल्या बाकीच्या गुरांचंही रक्त त्याच दिवशी काढून घ्या. बॅटरी एका गायीने चाटताना तुम्ही पाहिली, बाकीच्यांनी कधी चाटली ते कोणी पाहिलेलं नाही.