बोटभर फट

(दृश्य: देवगडजवळचा कातळ. मधोमध लोखंडी सांगाडा, मागे हापूसची कलमं.)

आंब्याच्या कॅनिंगची शेड उभी राहतेय. आत अर्ध्या भागावर माळा असणार आहे. सांगाडा लोखंडी, भिंती मात्र सिमेंटच्या ब्लॉकच्या.

कोकणात भिंत म्हटली की जांभा. चिऱ्यावर चिरा चढवायचा आणि वाशांचं, कौलांचं ओझं त्याच भिंतीवर द्यायचं. भिंत गेली की घर गेलं. इथे तसं नाही. छपराचा आणि माळ्याचा भार सांगाडा घेतो. भिंतीने सांभाळायचं ते स्वतःचं वजन आणि वारा.

आता हा वारा केवढा? 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा झोत ताशी 120 किलोमीटरपर्यंत पोचले होते. त्या वेगाला दर चौरस मीटरवर साधारण 68 किलोचा दाब येतो. चार मीटर लांब, तीन मीटर उंच भिंत धरा. आठशे किलोंच्या वर, तोही आडवा. सुटी उभी असलेली भिंत अशाने सरळ आडवी होते. म्हणून ती कॉलमला धरून ठेवायची.

(दृश्य: अगदी जवळून, कॉलम आणि गवंड्याचा हात.)

कॉलमवर उभ्या खाचेची पट्टी वेल्ड केलीय. गवंडी खाचेत एक चपटी पत्ती अडकवतो, तिची शेपटी ब्लॉकच्या सांध्यात टेकवतो, वर सिमेंट-वाळूचा माल पसरतो आणि थापीच्या दांड्याने पुढचा ब्लॉक ठोकून बसवतो. दर दोन थरांना, म्हणजे 400 मिलिमीटरला, एक पत्ती. ती ओढून निघत नाही, पण खाचेत वर-खाली सरकते.

सरकायलाच हवी. लोखंड आणि ब्लॉक यांचं एकमेकांशी पटत नाही. 30 मीटर लांब सांगाडा 25 अंशांनी तापला की सुमारे 9 मिलिमीटर वाढतो. ब्लॉक उलट सुकताना आकसतो. आणि पावसात भिजलेले ब्लॉक घाईघाईने रचले असतील, तर दिवाळी आली तरी त्याचं आकसणं चालूच.

खरी गंमत वर आहे. भिंत बीमला टेकत नाही, मध्ये बोटभर फट ठेवलीय. माळ्यावर क्रेट रचले की बीम झुकणार. प्लास्टर किंवा भिंतीला तडा जाण्याची भीती असेल तिथे आयएस 800 ही लोखंडी बांधकामाची आपली संहिता बीमला त्याच्या लांबीच्या 360 व्या भागाइतकाच बाक चालवून घेते. सहा मीटरच्या बीमला तो होतो 17 मिलिमीटर. तेवढी जागा भिंतीच्या डोक्यावर मोकळी हवी. वाऱ्याने माथा हलू नये म्हणून दोन्ही अंगांना अँगलचे, म्हणजे काटकोनात वळलेल्या लोखंडी पट्टीचे, तुकडे लावतात, पण ते बीमला. भिंतीत खिळा नाही की बोल्ट नाही. फटीत मऊ फोम, आणि पाऊस आत येऊ नये म्हणून बाहेरून सीलंट.

गवंडी हसत सांगतो, "गिऱ्हाईक येता नि पयला इचारता, हय माल भरूक विसारलास काय?"

आमच्याच भागातल्या एका शेडीत कुणीतरी ही फट मालाने बुजवली. माळा भरला, बीम झुकला आणि अख्खा भार भिंतीवर आला. मधले ब्लॉक वरून फुटले, प्लास्टर फुगून आलं. चूक गवंड्याची की सांगाडा करणाऱ्या फॅब्रिकेटरची, हा वाद अजून चालू आहे. माझ्या मते दोघांचीही नाही. नकाशात ती फट दाखवलीच नव्हती.

(दृश्य: खाडी, भरतीचं पाणी.)

राहिलं मीठ. खारा वारा लोखंडावर चढवलेलं जस्त हळूहळू खातो, आणि वेल्डिंगने ते जळलेलं असेल तर गंज तिथूनच सुरू होतो. गंजलेलं लोखंड फुगतं आणि सांधा आतून उकलतो. खाडीची न धुतलेली वाळू मालात घातली, तर मीठ आपणच भिंतीत भरलं. समुद्राच्या इतकं जवळ 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची पत्ती वापरावी. महाग पडते, पण प्लास्टरमागे गेलेली पत्ती बदलणार कोण?

(दृश्य: संध्याकाळ. घमेलं, थापी, ओळंबा.)

आजच्या भिंतीच्या पत्त्या सकाळी मोजून आणल्या होत्या. घमेल्याच्या तळाशी दोन उरल्यात. गवंडी खालून वर थर मोजत जातो, एका सांध्याशी थांबतो. माल अजून ओला आहे. तो वरचे ब्लॉक उतरवायला घेतो.