चारशे शब्दांत एक माणूस

मित्रहो, आयुष्यात भेटलेल्या माणसांच्या आठवणी लिहायला बसलं की बहुतेक जण आई-वडिलांपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. त्यांच्याबद्दल इतकं माहीत असतं की काय गाळावं ते सुचत नाही. म्हणून पहिला लेख जरा लांबच्या माणसावर लिहा. शाळेतले शिपाई, वाड्यातल्या भाडेकरू काकू, भांड्यांना कल्हई करून देणारे चाचा. ज्यांच्याशी आपला संबंध एखाद्या कामापुरता होता, त्यांच्यावर तीनशे-चारशे शब्द नेटके उतरतात.

आधी नावांची यादी करा. नावापुढे विशेषण नको, ते माणूस काय करायचं ते लिहा: ‘शेजाऱ्यांची पत्रं वाचून दाखवायचे’, ‘उधारी तोंडपाठ ठेवायचे’. ज्या नावापुढे काहीच सुचत नाही, ते तूर्त बाजूला ठेवा.

‘प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ’ हे शब्द शोकसभेत कोणालाही लागू पडतात, त्यांतून माणूस दिसत नाही. समजा, आपल्या जुन्या नाशकातल्या एखाद्या तांबट कारागिराबद्दल लिहायचंय. ‘ते कामात चोख होते’ एवढ्यावर थांबलात तर वाचणाऱ्याच्या हाती काय लागलं? तांब्याचा पत्रा ठोकता ठोकता कडक होत जातो. तसाच ठोकत राहिलं तर त्याला चीर जाते, म्हणून मधूनमधून तो तापवून नरम करावा लागतो. शेवटी मठारकाम, म्हणजे हातोडीचे सारखे ठोके एकाशेजारी एक. त्यानं भांडं टणक होतं आणि त्याला झळाळी येते. आता विचारायचं ते असं: पत्रा पुन्हा तापवायची वेळ झाली, हे त्यांना ठोक्याच्या आवाजावरून कळायचं की हातोडीच्या उसळीवरून? शिकाऊ पोराचा ठोका चुकला तर ते काय करायचे? ही दोन उत्तरं मिळाली की अर्धा लेख झाला. आणि ती घरच्यांकडे मिळतीलच असं नाही, त्यांच्या हाताखाली काम केलेल्यांना गाठावं लागतं.

भेटायला गेलात की ‘ते कसे होते हो?’ असं विचारू नका, उत्तर ‘देवमाणूस’ असंच येणार. ‘सकाळी किती वाजता यायचे? पैसे कशात ठेवायचे? चिडले की काय म्हणायचे?’ असं विचारा. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करत असाल तर परवानगी घ्या, पंखा बंद करा आणि फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. स्टीलच्या ताटाजवळ नको, खणखणाटात शब्द बुडतात.

सालांच्या बाबतीत स्मरणशक्ती सर्वांत जास्त दगा देते. नाशिककरांना त्यासाठी चांगल्या खुणा आहेत: १९६९ आणि २००८ चे गोदावरीचे पूर, १९७२ चा दुष्काळ, १९८०, १९९१, २००३ आणि २०१५ चे सिंहस्थ. मात्र दोन सिंहस्थांची सरमिसळ हमखास होते आणि मग बारा वर्षांचा घोळ पडतो. अशा वेळी ‘तेव्हा तुम्ही कितवीत होतात?’ हा प्रश्न कामाला येतो. घराणं नाशिक-त्र्यंबकला तीर्थयात्रेला आलेलं असेल, तर तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळीच्या वह्याही पाहाव्यात. गाव आणि आडनाव सांगितलं की नोंद निघू शकते. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतील तर ती वाचणारा सोबत न्या.

लिहिताना लेख बिघडतो तो बहुधा दोन ठिकाणी. एक, शेवटचं आजारपण. ते ताजं असतं, म्हणून अर्धा मजकूर दवाखान्यातच जातो आणि धडधाकट चाळीस वर्षं चार ओळींत उरकतात. आजारपणाला दोन वाक्यं पुरे. दुसरं, बोली. बागलाण-कळवणकडची अहिराणी बोलणाऱ्या आजींच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली की आजी गेल्याच म्हणून समजा. त्यांचं एखादंच वाक्य आठवत असेल तर तेवढंच, जसंच्या तसं लिहा. न आठवणारे संवाद रचून अवतरणचिन्हांत घालू नका, ‘अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले’ असं लिहिलं तरी चालतं. त्या माणसानं तुम्हाला काय दिलं, हे एकदाच सांगा. परिच्छेदागणिक ‘मी’ आला की लेख तुमच्यावर होतो.

कर्ज, व्यसन, मोडलेलं लग्न, असं काही येत असेल तर छापण्याआधी कुटुंबाला वाचून दाखवा. त्यांनी काढा म्हटलं तर काढा. तपशील खरा असला तरी तो त्यांच्या घरातला आहे.

सोबत फोटो लावणार असाल तर त्याच्या पाठीवर नाव, गाव आणि अंदाजे साल आजच लिहून टाका. त्यासाठी मऊ शिसपेन्सिल घ्या आणि कडेला हलक्या हातानं लिहा. बॉलपेन दाबून लिहिलं तर त्याचे वळ पुढच्या बाजूला, ऐन चेहऱ्यावर उमटतात.