शिवणीतली माया

श्रोतेहो, नमस्कार.

सांगलीत माझं शिवणकामाचं छोटं दुकान आहे. एकतीस वर्षं मी मशीनवर बसते. पूर्वी माझ्याकडे लोक कापड घेऊन यायचे. आता जास्त करून तयार कपडेच येतात, सैल करायला, घट्ट करायला, चेन बदलायला. गेल्या महिन्यात कॉलेजातली एक मुलगी कुर्ता घेऊन आली. नवाच, चार वेळा धुतलेला. म्हणाली, "काकू, आटलाय. छातीत एक इंच सैल करून द्या ना." मी कुर्ता उलटा केला. शिवणीत माया जेमतेम पाव इंच, तीही ओव्हरलॉक मारून कातरलेली. सैल करायचं तर कापड हवं ना? आत कापडच नव्हतं.

माया हा आम्हा शिवणाऱ्यांचा रोजचा शब्द. टिपेच्या पलीकडे, शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, ती माया. ज्या कुणी या कापडाला हे नाव दिलं, त्याला अंगात कपडा घालणारं माणूस दिसत होतं. मूल वाढणार, बाई बाळंतपणानंतर अंगानं भरणार, म्हातारपणी परत उतरणार. माझ्या आईचा १९८६ सालचा एक ब्लाउज मी दुकानात जपून ठेवलाय, शिकायला येणाऱ्या मुलींना दाखवायला. बाजूच्या शिवणीत दीड इंच माया, आणि शेजारी शेजारी तीन टिपा. अंग भरलं की आई एक टीप उसवायची. दोन बाळंतपणं त्या ब्लाउजनं निभावली.

मग आताच्या कपड्यातली माया गेली कुठे? कारखान्यात कापडाचे थरावर थर रचून एकदम कापतात. एका कपड्यामागे दर शिवणीला अर्धा इंच वाचवला, तर लाखभर कपड्यांत कित्येक ताग्यांची बचत होते. टाक्यांचंही तेच. चांगल्या शर्टाला इंचाला दहा-बारा टाके असतात. सात-आठ घातले तर दोरा वाचतो आणि मशीन लवकर मोकळं होतं. दुकानात हँगरवर लटकलेला असताना हे कुणाला दिसत नाही. दिसतं ते दोन महिन्यांनी, काखेत उसवल्यावर.

आत्ता ऐकता ऐकता एक करा. अंगातल्या शर्टाची किंवा कुर्त्याची खालची कड उलटून बघा. पट्टी किती आत दुमडली आहे? दोरे लोंबतायत का? बाजूची शिवण दोन्ही हातांनी हलकेच ताणा. टाक्यांमधून पलीकडचा उजेड दिसला, तर ती शिवण फार दिवस टिकायची नाही.

कापडाचंही सांगते. लोक तक्रार करतात, "दोन धुण्यांत गोळे आले हो." हे गोळे येतात कुठून? कापसाच्या बोंडातले तंतू सगळे सारख्या लांबीचे नसतात. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून एक सरकारी संस्था आहे, तिथे कापसाच्या तंतूंची लांबी आणि ताकद मोजतात, इतकं या लांबीला महत्त्व. चांगल्या सुतासाठी कापूस विंचरून आखूड तंतू काढून टाकतात. त्यात कापूस वाया जातो, खर्च वाढतो. विंचरणं गाळलं, पीळ सैल ठेवला, की सूत स्वस्त पडतं. पण आखूड तंतूंची टोकं घासून वर येतात आणि एकमेकांत गुंतून गोळे होतात. मग दुकानात ते कापड इतकं मऊ कसं लागतं? वरून मऊपणाचं रसायन दिलेलं असतं. पूर्वी विरळ कापडाला खळ देऊन जाड भासवायचे, त्यातलाच हा प्रकार. खळ धुतली जाते, मऊपणाही धुतला जातो.

आणि टी-शर्टाची बाजूची शिवण धुतल्यावर पोटावर फिरते, ती का? विणलेलं होजिअरी कापड सुताच्या पिळानं तिरकं ओढलं जातं, शिवाय गुंडाळीत ते ताणलेलं असतं. कापायच्या आधी ते उलगडून काही तास मोकळं पडू द्यावं लागतं, म्हणजे ते आपल्या जागी येतं. घरगुती शिवणारीसुद्धा सुती कापड आधी भिजवून, वाळवून मगच कातरीला लावते. घाईत हे टाळलं, की आटायचं काम तुमच्या बादलीत होतं. त्या मुलीच्या कुर्त्याचं तेच झालं होतं.

पॉलिएस्टरला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. माझ्या वडिलांचे टेरिकॉटचे, म्हणजे सूत आणि पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडाचे, शर्ट पंधरा-पंधरा वर्षं टिकले, कॉलर विरली तेव्हा उलटवून लावली. दोष धाग्याहून जास्त तो कसा वापरला याचा. पण आज जगात तयार होणाऱ्या एकूण धाग्यांत निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर आहे, खनिज तेलापासून केलेलं, आणि त्याची एक गोष्ट मला फार खटकते. कपडा म्हणून त्याचं आयुष्य संपलं, की पुढे घरात त्याचं काही होत नाही.

आमच्या घरी आजीचं लुगडं मध्ये विरलं, की ती तेवढा भाग काढून दोन्ही टोकं जोडायची. त्याला दंड घालणं म्हणायचे. दंड घातलेलं लुगडं आणखी दोन वर्षं नेसायची. मग त्याची बाळाला दुपटी, झबली; नवं कापड बाळाला टोचतं म्हणून मुद्दाम जुनंच. मग गोधडी. आणि अगदी शेवटी पोतेरं. आताच्या पॉलिएस्टरच्या कुर्त्याचं साधं फडकंसुद्धा होत नाही, पाणीच शोषत नाही ते. आमच्या गल्लीत भांडी घेऊन येणारी बोहारीण आता प्रत्येक कपडा दोन बोटांत चोळून बघते आणि निम्मे बाजूला ठेवते. "ताई, हे कोण घेणार?" म्हणते. तिच्या बोटांना कळतं ते मला पटतं. आपल्याला पानिपत १७६१ सालासाठी ठाऊक, पण आज जगभरातले जुने कपडे तिथे येतात, फाडून पिंजून त्यांच्या धाग्याची ब्लँकेटं होतात. सूत आणि पॉलिएस्टर मिसळलेलं असलं, की ते वेगळं करणं तिथेही जड जातं.

स्वस्त कपड्यानं गरिबाला वर्षातून चार जोड मिळाले, हेही खरं. माझ्या लहानपणी दिवाळीला एक, एवढंच. मला ते दिवस परत नकोत. पण ती किंमत कुणीतरी चुकवतं. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरमध्ये राना प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. वरच्या मजल्यांवर कपड्यांचे कारखाने होते. आदल्या दिवशीच भिंतींना भेगा पडल्या होत्या. खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली, शिवणाऱ्या बायकांना मात्र कामावर बोलावलं. अकराशेहून जास्त माणसं गेली. परदेशातल्या दुकानांची ऑर्डर वेळेत पुरी करायची होती. मी मशीनवर बसणारी बाई आहे. ती बातमी वाचून त्या दिवशी माझा पाय पायट्यावर पडेना.

त्या मुलीला मी आधी सांगितलं, यात सैल करायला जागा नाही. तिचा चेहरा उतरला. आवडता कुर्ता होता. मग विचारलं, घरी आईची जुनी सुती ओढणी आहे का? दुसऱ्या दिवशी घेऊन आली, निळी, मऊ झालेली. तिच्या दोन कळ्या कापल्या आणि काखेपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंना लावल्या. टाके बारीक घातले. आणि तिच्यासमोर कुर्ता उलटा करून दाखवला, कळीच्या दोन्ही कडांना एकेक इंच माया सोडली आहे. तिनं त्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "काकू, टीप उसवायची कशी? मला दाखवाल?"

नमस्कार.