काट्यावर मोजलेले चिकन

किडनीच्या रुग्णाने चिकन किती आणि कसे खावे, हे या चित्रफितीत पाहू. कोंबडीच्या छातीचा हा तुकडा वजनकाट्यावर ठेवला आहे. कातडी काढलेली आहे, हाड नाही, अजून मीठही लावलेले नाही. काटा १०० ग्रॅम दाखवतो आहे. शिजल्यावर पाणी निघून गेल्याने हाच तुकडा साधारण ७५ ग्रॅम भरेल, त्यातली प्रथिने मात्र जवळजवळ तेवढीच, म्हणजे सुमारे २२ ग्रॅम, राहतील. त्यामुळे आहारतज्ज्ञाने सांगितलेले वजन कच्च्या मांसाचे की शिजलेल्या, हे आधी विचारून घ्यावे लागते, आणि अनेकदा तेवढेच विचारायचे राहून जाते.

किडनीचा आजार कळला की पुष्कळ घरांतून चिकन कायमचे बंद होते. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत त्याची गरज नसते. प्रथिनांच्या विघटनातून यकृतात युरिया तयार होतो आणि तो रक्तातून गाळून लघवीवाटे बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडे करतात. ती अशक्त झाली असतील तर प्रथिनांचे प्रमाण बांधून घ्यावे लागते. डायलिसिस सुरू नसलेल्या, आजाराच्या पाच टप्प्यांपैकी तिसऱ्या ते पाचव्या टप्प्यातील प्रौढांसाठी ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८ ग्रॅम प्रथिने सुचवतात. वजन ६० किलो असेल तर हे ४८ ग्रॅम होतात. काट्यावरच्या या एका तुकड्यात त्यातला निम्म्याच्या जवळपास वाटा आला. धान्य, कडधान्ये आणि दुधातली प्रथिने उरलेल्या वाट्यात बसवायची आहेत.

आता पातेल्याकडे पाहा. मांसाचे लहान तुकडे भरपूर पाण्यात उकळून झाले आहेत आणि ते पाणी ओतून दिले जात आहे. या गढूळ पाण्याबरोबर फॉस्फरस आणि पोटॅशियम यांचा काही भाग निघून जातो, तर प्रथिने बहुतांशी तुकड्यांतच राहतात. आजारी माणसाला ताकद यावी म्हणून मायेने दिले जाणारे सूप म्हणजे हेच पाणी असते, म्हणून रक्तात ही दोन्ही द्रव्ये वाढलेल्या रुग्णाला ते देऊ नये. निथळलेले तुकडे थोड्या तेलावर लसूण आणि मिरीसह परतले जात आहेत; वरून लिंबू पिळले की मिठाची उणीव फारशी जाणवत नाही.

हे पाकीट गोठवलेल्या चिकनचे आहे. अक्षरे बारीक असल्याने कॅमेरा जवळ नेला आहे: पाणी, मीठ, सोडियम ट्रायफॉस्फेट. मांस रसदार राहावे म्हणून हे द्रावण त्यात टोचून भरतात. मांसातल्या मूळच्या फॉस्फरसपैकी साधारण निम्माच शरीरात शोषला जातो, तर अशा मिसळलेल्या फॉस्फेटमधला बहुतेक सगळा शोषला जातो. पोषणमूल्यांच्या तक्त्यात फॉस्फरसचा आकडा बहुधा नसतो, त्यामुळे घटकांची यादीच वाचावी लागते. काही पाकिटांवर नावाऐवजी ई ४५० ते ई ४५२ असे क्रमांक असतात. रक्तातला फॉस्फरस वाढत राहिला तर हाडे कमकुवत होतात आणि रक्तवाहिन्या कडक होतात.

डायलिसिस सुरू झाले की हिशेब उलटतो. त्या प्रक्रियेत अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, शरीराबाहेर जात असल्याने प्रथिनांची गरज दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅमपर्यंत वाढते. त्या वेळी जुन्या आहारतक्त्यातले वजन तसेच चालू न ठेवता, आहारतज्ज्ञाकडून नवा तक्ता करून घ्यावा.