हालचालीचं शिक्षण: पुण्यातली फिजिओथेरपीची साडेचार वर्षं

[दृश्य: पुण्यातलं एक फिजिओथेरपी महाविद्यालय. शरीररचनाशास्त्राचं दालन, टेबलावर मांडलेली हाडं.]

पहिल्या वर्षाच्या या विद्यार्थिनीच्या हातात खांद्यामागचं त्रिकोणी हाड आहे, स्कॅप्युला. हे डाव्या बाजूचं की उजव्या, ते ती आधी ठरवते. मग कडा, उंचवटे, खाचा बोटानं दाखवत जाते. हा स्नायू इथून निघतो, तो इथं येऊन चिकटतो, ही नस या खाचेतून जाते. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हेच विचारतात. पण पुढं पेशंट समोर बसेल तेव्हा हे हाड कातडीखाली असेल आणि त्याची कड तिला बोटांनी शोधावी लागेल. म्हणून वर्गातली मुलं एकमेकांच्या पाठी, मनगटं, गुडघे चाचपून शिकतात.

बारावी सायन्स, नीट, मग प्रवेश. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या रचनेत चार वर्षं अभ्यास आणि सहा महिने इंटर्नशिप. नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात इंटर्नशिप धरून पाच वर्षं ठरवली आहेत. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, पुढं पॅथॉलॉजी, औषधशास्त्र, मानसोपचार. हे सगळं इतर वैद्यकीय शाखांनाही असतंच. या पदवीचा स्वतःचा विषय मात्र कायनेसिऑलॉजी, म्हणजे हालचालीचं शास्त्र.

[दृश्य: एक विद्यार्थी पाठमोरा उभा. हात बाजूनं हळूहळू वर नेतो. मागं उभी मैत्रीण त्याच्या पाठीकडे बघते आहे.]

हात बाजूनं पूर्ण वर गेला की १८० अंश होतात. त्यातले साधारण १२० खांद्याच्या सांध्यातून येतात आणि उरलेले ६० पाठीवरून सरकणाऱ्या स्कॅप्युलामुळं. ही दोनास एक अशी लय एकदा डोळ्यांत बसली, की बिघाड लगेच कळतो. फ्रोझन शोल्डर झालेल्या काकूंना केस विंचरता येत नाहीत, रॅकवरचा डबा काढता येत नाही. त्या हात उचलायला जातात तेव्हा सांधा अडतो आणि सगळा खांदाच कानाकडे चढतो. हे पुढून नीट दिसत नाही, मागून दिसतं. कुठं उभं राहून बघायचं, हेसुद्धा शिकावं लागतं. मधुमेह असणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो, म्हणून साखरेची चौकशी सुरुवातीलाच होते.

बघितलं ते मोजायचंही असतं. गोनिओमीटरनं सांध्याचे अंश मोजतात, हातानं स्नायूची ताकद. ताकदीला शून्य ते पाच अशा श्रेणी आहेत. एक म्हणजे स्नायू नुसता थरथरतो, हालचाल होत नाही. दोन म्हणजे पाय पलंगावर आडवा सरकतो, पण उचलला जात नाही. तीन म्हणजे पाय स्वतःच्या वजनासह उचलला गेला. दोनावरून तीनावर जायला काही पेशंटना आठवडे लागतात. जर्नलमध्ये, म्हणजे नोंदवहीत, तो एक आकडा बदलतो, आणि घरच्यांसाठी तेवढ्यानं खूप काही बदललेलं असतं.

मशीनचं काय? फिजिओथेरपी म्हणजे शेक आणि मशीन, असा समज आपल्याकडे फार पक्का आहे. इलेक्ट्रोथेरपी हा विषय आहे, आणि तो नेटानं शिकवतात. उपचारासाठीच्या अल्ट्रासाउंडच्या ३ मेगाहर्ट्झच्या लहरी वरवरच्या ऊतींसाठी, १ मेगाहर्ट्झच्या खोलवरच्या. शरीरात पेसमेकर असेल तर कोणकोणती मशीन लावायची नाहीत, हे तर चुकूनही विसरून चालत नाही. पण मशीननं फार तर वेदना कमी होते. उठण्याची, चालण्याची ताकद व्यायामानंच येते. पेशंटला हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

[दृश्य: रुग्णालयाचा वॉर्ड, सकाळ.]

तिसऱ्या वर्षी अस्थिरोग, शस्त्रक्रिया, मेंदूविकार, बालरोग असे विषय येतात आणि वॉर्डातल्या पोस्टिंगचं वजन वाढतं. बायपास झालेले आजोबा खोकायला घाबरतात, कारण छातीच्या मधोमध टाके आहेत. विद्यार्थी त्यांना उशी छातीशी घट्ट धरायला लावतो आणि मग खोकायला सांगतो. कफ साठून राहिला तर न्यूमोनियाची भीती, म्हणून हा खोकला महत्त्वाचा.

पक्षाघाताच्या पेशंटजवळ विद्यार्थी नातेवाइकांशीही तितकंच बोलतात. मुलगा प्रेमानंच वडिलांना उठवायला लुळा हात ओढतो. पण आजूबाजूचे स्नायू सैल पडलेले असतात, त्या ओढण्यानं खांदा निखळू शकतो. मग आधार कुठं द्यायचा, कुशीवर कसं वळवायचं, हे त्याच्याकडून करून घेतात. मेंदू सरावानं नव्या वाटा तयार करतो, म्हणून पेला उचलणं, खुर्चीतून उठणं अशा रोजच्याच गोष्टी पुन्हा पुन्हा करायच्या.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

देशात या शिक्षणाची सुरुवात मुंबईत झाली. १९५२ मध्ये तिथं पोलिओची साथ आली आणि पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं फिजिओथेरपीची शाळा निघाली. पुण्याचं नातं सैनिकांमुळं आणखी जुनं. इथलं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासूनचं. कापलेल्या पायाला पट्टी कशी बांधायची, नव्या पायावर वजन टाकायला कसं शिकवायचं, हे आज अभ्यासक्रमातले धडे आहेत.

[दृश्य: आषाढी वारी. पालख्या पुण्यात मुक्कामाला. नाना पेठ, भवानी पेठ.]

चौथ्या वर्षाचा आम्हाला सर्वांत मोलाचा वाटलेला विषय म्हणजे कम्युनिटी फिजिओथेरपी, लोकांमध्ये जाऊन करायची. पालख्या शहरात येतात तेव्हा मुलं शिबिरांतून वारकऱ्यांच्या पायाशी बसतात. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, आणि पुण्यानंतर लगेच दिवे घाट. पोटरीत गोळे, सुजलेले घोटे, टाचेला भेगा. "माउली, थांबा" म्हणणं इथं उपयोगाचं नाही, त्या थांबणार नाहीत. त्यामुळं पोटरी कशी ताणायची, मुक्कामी पाय उंचावर कसे ठेवायचे, एवढं शिकवून पुढं पाठवायचं.

हाच विषय मुलांना पेशंटच्या घरी नेतो. पेठेतल्या वाड्याचा अरुंद जिना, उकिडवं बसायचं शौचालय, देवापुढं मांडी घालायची सवय. जिना उतरायला गुडघा जेमतेम ९० ते १०० अंश वाकला तरी भागतं, उकिडवं बसायला १२० हून जास्त लागतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आजींना काय जमायला हवं, हे त्यांचं घर पाहिल्याशिवाय ठरत नाही. काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरायची, हे पटवायला तर बराच वेळ जातो. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात, आणि सांध्यावरचा भार हवा तसा हलका होत नाही.

[दृश्य: ओपीडी. इंटर्न एका कागदावर रेघांची माणसं काढून व्यायाम लिहून देते आहे.]

इंटर्नशिपमध्ये सगळ्या विभागांतून फिरताना मुलं कमी लिहायला शिकतात. दहा व्यायाम दिले तर घरी एकही होत नाही, तीन दिले तर होतात. कोणते तीन, हे निवडायला मागचा सगळा अभ्यास पणाला लागतो. त्यानंतर राज्य परिषदेकडे नोंदणी. कुणी दवाखान्यात रुजू होतं, कुणी खेळाडूंच्या संघाबरोबर जातं, कुणी ऑर्थो, न्यूरो किंवा कम्युनिटी निवडून दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेतं.