तिसरा गुरुवार, चौथा गुरुवार

नमस्कार श्रोतेहो.

४ डिसेंबरला नौदल दिन असतो. १९७१ मध्ये आपल्या क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर केलेल्या हल्ल्याची आठवण म्हणून तो साजरा होतो, आणि व्हावाच. आमच्या घरात लक्षात राहिली ती मात्र ९ तारीख. त्या रात्री पावणेनऊच्या सुमाराला दीवपासून साधारण ४० सागरी मैलांवर ‘हँगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने टॉर्पेडो मारून आपली ‘आयएनएस खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्या १७६ जणांत माझा थोरला भाऊ होता. आम्ही त्याला दादा म्हणायचो.

खुकरीचं नाव निघालं की कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांची गोष्ट निघतेच. स्वतःचं लाइफ जॅकेट एका खलाशाला देऊन ते जहाजाबरोबर गेले. मरणोत्तर महावीर चक्र त्यांना मिळालं. ती गोष्ट सांगताना माझाही ऊर भरून येतो. पण दादाची ड्यूटी वरती नसायची. लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’त शिकून तो बॉयलर रूमला लागला होता. खुकरी वाफेवर चालणारी बोट. खाली एवढी धग असते की बनियन पिळून घालावं लागतं, असं तो सांगायचा. बोट काही मिनिटांतच पाण्याखाली गेली. खाली असलेल्यांपुढे थांबायचं की निघायचं हा प्रश्न आलाच नसणार, आणि म्हणून त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही. दादाबद्दल माझ्याकडे जे आहे, ते सगळं जमिनीवरचं.

आमचं गाव दापोली तालुक्यातलं, हर्णैच्या बाजूचं. सुट्टीवर येताना तो लोणावळ्याची चिक्की आणायचा आणि भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटल्यापासून स्वतःच खात यायचा. आमच्या हाती पडायचा तो निम्मा पुडा. नाक्यावरच्या दुकानात त्याची बिड्यांची उधारी असायची, आणि बाबांना ती माहीत नाही अशी त्याची समजूत होती. अक्षर इतकं गिचमिड की त्याचं पत्र आलं की वाचायचं काम माझ्याकडे. जिथे लागायचं नाही तिथे मी मनाने दोन ओळी घालून आईला ऐकवायची. त्या दोन ओळींत हमखास “आईची आठवण येते” असं असायचं. ते त्याने कधी लिहिलं होतं की नाही, देव जाणे.

९ डिसेंबरला मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार होता. आईचं महालक्ष्मीचं व्रत. संध्याकाळी कहाणी वाचून झाली, उपास सुटला, उजेड बाहेर दिसू नये म्हणून कंदील बारीक केला आणि आम्ही निजलो. कुणाच्या हातून काही सांडलं नाही, दिवा विझला नाही. पुढे नात्यातल्या बायका विचारायच्या, “तुम्हाला काही जाणवलं का गं?” नाही जाणवलं. आम्ही गाढ झोपलो होतो.

तार मधल्या आठवड्यात आली. पोस्टमननेच ती वाचून अर्थ सांगितला: तुमचा मुलगा बेपत्ता आहे. बाबा ओट्यावर बसले ते उठेनात. शेजारच्या काकू आल्या आणि आईला हळूच म्हणाल्या की येत्या गुरुवारचं उद्यापन राहू दे आता. आई त्यांच्या अंगावरच गेली. “सुतक कसलं? पत्ता लागत नाय एवढंच लिवलंय!”

तो चौथा गुरुवार म्हणजे १६ डिसेंबर. आईने कलश मांडला, पाने-फुले घातली, सवाष्णींना बोलावणी धाडली. सगळ्या आल्या, एकही चुकली नाही. हळदीकुंकू लावून घेताना कुणी मान वर करीना. आई मात्र प्रत्येकीच्या ओटीत केळं घालत होती आणि नेहमीसारखी बोलत होती. तेवढ्यात नाक्यावरून आरडाओरडा ऐकू आला. ट्रान्झिस्टरवर बातमी आली होती: ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, लढाई संपली. पोरं ‘भारतमाता की जय’ ओरडत वाडीवाडीतून फिरायला लागली. आमच्या अंगणाशी आल्यावर त्यातल्या मोठ्यांनी धाकट्यांना गप्प केलं. आई दारात आली आणि म्हणाली, “गप का झालात? वरडा की! माझा झील पण लढायलाच गेलाय.” आणि ती पोरं, काय करावं ते न कळून, पुन्हा ओरडली.

मी तेव्हा आईवर चिडले होते. आज तिचं म्हणणं मला पटतं. प्रेत नाही, राख नाही, कपड्याची चिंधीसुद्धा नाही. कुणाच्या तरी कागदावरून आपलं माणूस मेलं असं का मानावं? पुढे दुसरा कागद आला, त्यात मृत समजण्यात येत असल्याचं होतं. त्यावरचे पेन्शनचे अर्ज बाबांनीच पुरे केले. आईच्या अंगठ्यासाठी त्यांना फार दिवस थांबावं लागलं. बारा वर्षं झाल्यावर भटजींनी पळसाच्या काड्यांचा पुतळा करून दहन करण्याचा विधी सुचवला. परागंदा माणसासाठी तो करतात. आईने त्यांना चहा दिला आणि विषय बदलला.

बाबा तिच्याशी कधी वाद घालत बसले नाहीत. पंचांगात भाद्रपद वद्य चतुर्दशीला ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असं छापलेलं असतं. त्या दिवशी ते सकाळीच शेतावर जायचे आणि केळीच्या पानावर वाडी ठेवून कावळ्याची वाट बघायचे. आईला हे ठाऊक होतं. कारण पानावरचा भात तीच शिजवून द्यायची, “शेतावर न्याहारीला” म्हणून.

आता दोघंही नाहीत. मी दीवला जाऊन आले. समुद्राकडे तोंड करून टेकाडावर काचेत खुकरीची प्रतिकृती ठेवली आहे. १९८९ मध्ये नौदलात आलेली दुसरी खुकरी २०२१ मध्ये निवृत्त झाल्यावर तीही लोकांना बघायला म्हणून दीवकडेच सोपवली गेली. तिकडे कराचीच्या संग्रहालयात ‘हँगोर’ ठेवलेली आहे, आत शिरून बघता येते म्हणे. त्यांची शाळकरी मुलं तिथे सहलीला जात असतील. याचा राग मला पूर्वी यायचा. आता येत नाही, आणि कौतुकही वाटत नाही.

यंदा चतुर्दशीचा म्हाळ माझा मुलगा घालणार आहे. मामाला त्याने फोटोतच पाहिलं. भटजींनी विचारलं, गेलेल्या माणसाला काय आवडायचं? मी खरं ते सांगितलं: भाजलेली सुकट आणि तांदळाची भाकरी. भटजी हसले, म्हणाले, ते पितृपक्षात कसं चालेल? तर त्या दिवशी वडे, खीर आणि काळ्या वाटाण्याची आमटी होईल. सुकट दसऱ्यानंतर भाजू.