पब्लिश दाबल्यावर नेमकं काय होतं?

स्क्रीनवर वर्डप्रेस उघडलंय, वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर, कर्सर लुकलुकतोय बघा. वर शीर्षक, खाली एक परिच्छेद, उजव्या कोपऱ्यात निळं बटण, पब्लिश. दाबलं की परत विचारतो, नक्की ना? नक्की. झालं, पान लाइव्ह!

एवढ्याशा कामासाठी पूर्वी एचटीएमएलची (वेबपान ज्या खुणांच्या भाषेत लिहितात ती) फाइल उघडायची, टॅगच्या, म्हणजे त्या खुणांच्या, गर्दीत आपलं वाक्य शोधायचं, बदलायचं, मग एफटीपीने (फायली पाठवायची एक पद्धत) सर्व्हरवर, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते त्या कॉम्प्युटरवर, चढवायचं, आणि मेनूत एक लिंक वाढवायची असली की पन्नास पानांच्या पन्नास फायली उघडत बसायचं, त्यातली एक हमखास राहायचीच. सीएमएस म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम, ती ह्या कटकटीतूनच आली. मजकूर एकीकडे, त्याचे कपडे दुसरीकडे.

आता आत डोकावू. वर्डप्रेस ही अशीच एक सीएमएस, हा तिचा डेटाबेस, दिसायला हिशेबाच्या वहीसारखा, नुसत्या ओळी न् रकाने. ही आपली ओळ. तारीख, लेखकाचा नंबर, मजकूर, आणि हा रकाना बघा, पोस्ट स्टेटस, मगाशी इथे ड्राफ्ट होतं, आता पब्लिश. खाली रिव्हिजनच्या, म्हणजे जुन्या आवृत्त्यांच्या, ओळी आहेत, आपण खोडलेलं वाक्यसुद्धा तिथे जपून ठेवलंय (नको असलं तरी).

म्हणजे तयार पान कुठे पडलेलंच नसतं. कुणी पत्ता टाकला की सर्व्हरवर पीएचपी भाषेतला कोड जागा होतो, डेटाबेसातून ही ओळ उचलतो, थीमच्या, म्हणजे साइटच्या रंगरूपाच्या, साच्यात ओततो आणि ब्राउझरला एचटीएमएल देतो. दर वेळी एवढं नको म्हणून बरेच जण बनलेल्या पानाची कॉपी ठेवतात, ती कॅशे. आता थीम बदलतोय, बघत राहा... रंग गेले, फॉन्ट गेला, मेनू डावीकडे सरकला, मजकुराला धक्का नाही.

आणि हे सगळं फुकट कसं? बीटू नावाचं एक ब्लॉगिंग सॉफ्टवेअर होतं, त्याचं काम थंडावलं, पण कोड जीपीएल लायसन्सखाली (कुणीही वापरा, बदला, वाटा अशी परवानगी) खुला होता, म्हणून मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी तोच उचलून पुढे नेला आणि 27 मे 2003 ला वर्डप्रेस आलं. 2005 मध्ये माम्बो नावाच्या दुसऱ्या सीएमएसच्या डेव्हलपर मंडळींचं बिनसलं, तीही कोड घेऊन बाहेर पडली, ते जूमला. ड्रुपल ही आणखी एक सीएमएस, 2001 पासून खुलीच. कोड कुलपात असता तर ह्यातलं निम्मं घडलंच नसतं. आज जगातल्या 40 टक्क्यांहून जास्त वेबसाइट एकट्या वर्डप्रेसवर आहेत. हां, प्लगइन (वरून जोडलेले जादा तुकडे) अपडेट केले नाहीत तर हॅकर तिथूनच शिरतात, तेवढं बघा.

शेवटचा क्लिक, टूल्स, एक्सपोर्ट. एक एक्सएमएल फाइल उतरली. नोटपॅडमध्ये उघडली, थोडं खाली गेलो, आणि हे मगाचंच वाक्य, तारखेसकट.